तुझ्या भाषणातली वहिनी

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद नंतर देतो, आधी राग घे. सरकारी दवाखाना म्हणजे पांढरा हत्ती, तो एकदाचा कंपनीच्या हवाली करा, असं काल तू सभेत म्हणालास आणि टाळ्या घेतल्यास. अरे, मी जन्मभर सायकली दुरुस्त केल्या. चाक पंक्चर झालं म्हणून आख्खी सायकल शेजाऱ्याला देऊन टाकणारं गिऱ्हाईक मला एकही भेटलं नाही. आणि वर तीच सायकल त्याच्याकडून भाड्यानं घ्यायची, ही अक्कल फक्त तुमच्या नगरपालिकेत पिकते.

तुझ्या वहिनीला धाप लागली तेव्हा तूच गाडी पाठवलीस आणि आम्ही मुकाट त्या खाजगी इस्पितळात गेलो. खोटं कशाला बोलू, जागा झकास होती. फरशीत तोंड दिसायचं. दारातल्या टेबलावरची पोर रोज हसून विचारायची की काका, झोप लागली का. मी खुळा, मला वाटलं हिला आपला लळा लागलाय. परसातली फुलं नेऊन दिली तिला. तू आलास, वहिनीच्या उशाशी उभा राहून फोटो काढलास आणि प्रचाराला निघून गेलास. पुढचं तुला ठाऊक नाही, कारण आम्हीच कळू दिलं नाही.

विम्याची मर्यादा संपली त्या दिवशी एक टायवाला साहेब आला. छातीत पुन्हा पाणी भरतंय, मुक्काम लांबेल, तेव्हा दुसरीकडे सोयीचं पडेल, असं साखरेत घोळवून सांगितलं त्यानं. मी तुझं नाव काढणार होतो, पण तिनं डोळ्यांनीच गप्प केलं. धापा टाकणाऱ्या बाईला चाकाच्या खुर्चीतून दाराबाहेर आणलं, आणि ती पोर तेव्हाही हसूनच म्हणाली, काका, निघालात? केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

मग तुझा पांढरा हत्ती. लिफ्ट बंद. पहिल्या दिवशी खाट व्हरांड्यात. संडासाबद्दल न बोललेलं बरं. मी तिथंही भांडलोच. पलंगावर टेकलो म्हणून सिस्टरनं मला चारचौघांत झापलं. पण विमा कुणी विचारला नाही. डॉक्टरीणबाईंनी पाणी काढलं, पुन्हा भरलं तेव्हा पुन्हा काढलं, आणि 'मुक्काम लांबेल' हे अजून कुणी तोंडातून काढलेलं नाही. तुझी वहिनी आजही तिथंच आहे, आता जरा जेवते. लिफ्टचे पैसे कुणी अडवलेत, सांगू? हत्तीला उपाशी ठेवायचं आणि मग लोकांना दाखवायचं, बघा, उभासुद्धा राहत नाही.

कालचं तुझं भाषण शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या फोनवर आख्ख्या वॉर्डानं ऐकलं. ते सुरू झालं तेव्हा तुझी वहिनी उठून बसली होती. हा माझा दीर, माझ्या हातचं खाऊन वाढलाय, असं कौतुकानं सगळ्यांना सांगत होती. आणि तू म्हणालास, ते खाजगी इस्पितळ नसतं तर माझी वहिनी आज जिवंत नसती. सगळ्यांची तोंडं तिच्याकडे वळली. तिनं चादर ओढली ती डोक्यावरून.

मी काठी उचलली. सभेत येऊन तुझ्या हातातला माइक हिसकावणार होतो. तिनं चादरीतूनच माझा हात धरला. "लोकांत त्याला खोटं पाडू नका हो. त्याला माहीत नव्हतं."

म्हणून हे पत्र. उद्या नगरपालिकेत दवाखान्याच्या ठरावावर मत कुणीकडे टाकायचं ते तू आणि तुझी अक्कल. पण ज्या तोंडानं वहिनीचं नाव घेतलंस, त्याच तोंडानं, त्याच लोकांपुढे खरं काय ते सांग. आणि त्याआधी आज संध्याकाळी तिला भेटून जा. त्या दारातून आत शिरताना कुणी पाहील म्हणून तू यायचा नाहीस, असं तिला वाटतं. मी तिला सांगितलंय, तो येतो. धाकट्या, मला खोटं पाडू नकोस.

रागावलेला, पण तुझाच
दादा