राहिलेला गोड घास

सांगली, १४ जानेवारी २०२६

चि. श्याम यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

कागदावर वर श्री घातलेलं नाही, ते विसरले म्हणून नव्हे. देविकाच्या तेराव्याला सगळ्यांच्या तोंडी गोड घास लागला, तुझ्या नाही. तारांनी जबडा बांधलेल्या माणसाला पुरणपोळी कशी भरवणार? रेवतीने बिचारीने पुरण दुधात कालवून, फडक्यातून गाळून सिरिंजमध्ये भरून आणलं, तर तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. गुरुजी म्हणाले, नुसतं ओठाला लावा, चालेल. मला ते पटलं नाही. गेलेल्या माणसाचं दुःख उतरावं म्हणून मागे राहिलेल्यांना गोड घास देतात, आणि तुझा राहिलेला आहे. तो घेतलास की मी श्री लिहीन.

मी काल सुखरूप पोहोचले. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला बोलता येत नाही, त्यामुळे आपली जोडी छान जमली आहे. आता पत्रंच. लहानपणी ऊस दातांनी सोलून मला चिडवायचास आणि पुढे सगळं ऑफिस बोलून बोलून दमवलंस. तुझ्यावर अशी वेळ येईल असं कुणाला वाटलं होतं? पण जेवणाच्या बाबतीत हट्ट करू नकोस. पोरगी जे देईल ते घे. तिच्याकडे बघ जरा.

माझी काळजी करू नकोस. दोन ओळी लिही, मला पुरतील.

तुझी,
प्रभाताई


मयूर विहार, दिल्ली, २१ जानेवारी

ती. आत्यास, शि. सा. न.

तुझं बाबांना आलेलं पत्र त्यांनी उशीखाली ठेवलंय. मला दाखवलं नाही.

खाण्याचं विचारशील म्हणून आधी तेच लिहिते. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी मुगाचं कढण, संध्याकाळी टोमॅटोचं सार. सगळं मिक्सरमधून काढून दोनदा गाळते, कारण एकदा जिऱ्याचा दाणा तारेत अडकला आणि तो काढताना हिरडीतून रक्त आलं. सिरिंजला बारीक नळी आहे, ती गालाच्या आतून शेवटच्या दाढेमागे सरकवायची आणि हळूहळू सोडायचं. घाई झाली की ठसका लागतो. आंबील कशी करतात ते मला माहीत नव्हतं. विचारायला म्हणून फोन उचलला आणि आईचा नंबर काढला. मग तशीच ओट्यापाशी उभी राहिले.

बाबांचे खांदे शर्टात दिसेनासे झालेत. पलंगाला दोरीने एक छोटी पक्कड टांगलीय. उलटी झाली तर तारा ताबडतोब कापायच्या, नाहीतर श्वास कोंडतो. ते काम माझं आहे, डॉक्टरांनी दोनदा करून दाखवलं. बाबांचा जीवसुद्धा माझ्याच हातात का दिला, असं वाटतं.

काल तपासणीला मेट्रोने गेलो. मी आता गाडी चालवत नाही. डॉक्टरांनी विचारलं, अंकलजी बोलतात ना? मी म्हटलं, तारा असताना कसे बोलतील? ते म्हणाले, तारांनी दात बंद होतात, ओठ आणि जीभ तर मोकळी असते. त्यांचे सगळे पेशंट थोड्याच दिवसांत दातांतून बोलायला लागतात, एक जण तर असाच दुकानावर बसून गिऱ्हाइकांशी घासाघीस करतो म्हणे. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. म्हणजे त्यांना बोलता येतं, आत्या. ते फक्त माझ्याशी बोलत नाहीत.

सगळे मला म्हणतात, तुझी काही चूक नाही. धुकं होतं, ट्रक बिनदिव्याचा रस्त्यात उभा होता. तूही तेच म्हणालीस. पण त्या सकाळी आग्र्यात मावशीच्या अक्षयाच्या घरून निघताना आई म्हणत होती की धुकं जरा उतरू दे, पोहे होताहेत, खाऊन जाऊ. मला अकरा वाजता नोएडात प्रेझेंटेशन होतं. मी म्हटलं, चलो, मी हळू चालवते. तुला रस्ता दिसायला मदत करते असं म्हणून आई पुढे माझ्या शेजारी बसली. हे मला कुणी विचारत नाही.

ऑफिसने बंगळुरूची जागा देऊ केलीय. तारा निघाल्या की हो म्हणणार आहे. बाबांसाठी स्वयंपाकाची बाई बघून ठेवीन. त्यांना मी डोळ्यांसमोर नसले तर बरंच वाटेल. हे त्यांना एवढ्यात सांगू नकोस, प्लीज.

तुझ्या आशीर्वादाची फार गरज असलेली,
रेवती


सांगली, २७ जानेवारी

चि. श्याम यास आशीर्वाद.

तुला बोलता येतं हे मला रेवतीकडून कळावं? पोरीला वाटतंय की तू तिचं तोंड पाहू इच्छित नाहीस. तारा निघाल्या की ती बंगळुरूला जाणार आहे. तुला सांगू नकोस म्हणाली होती, मी सांगते आहे. बायको गेली, आता मुलगीही घालवायची आहे का? उलट टपाली उत्तर दे.

प्रभाताई


मयूर विहार, २ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न.

बोलता येतं. इस्पितळातच कळलं होतं. खोलीत कुणी नव्हतं तेव्हा देविकाचं नाव घेऊन पाहिलं. दातांतून आलं, पण स्पष्ट आलं.

रेवतीशी बोलत नाही, कारण तोंड उघडलं तर एकच वाक्य बाहेर पडेल. आई थांब म्हणत होती, तू थांबली नाहीस, तुझ्यामुळे ती गेली. मी मागच्या सीटवर होतो, सगळं ऐकलं होतं. ट्रक दिसला तेव्हा देविकाने पोरीच्या अंगावर हात आडवा धरला. मला शेवटचं दिसलं ते तेवढंच, तिचा हात आणि त्यातल्या बांगड्या.

रेवती दिवसातून कितीदा सिरिंज घेऊन येते. गाल हलकेच बाजूला ओढते, देविका तिला लहानपणी औषध पाजायची अगदी तसा. आणि मी ते वाक्य मनात म्हणत कढण गिळतो. दर घोटाला. तिने किती निगुतीने गाळलंय ते मला कळतं, तरी म्हणतो. पोरगी माझा जीव आहे आणि तिने देविकाला नेलं. दोन्ही खरं आहे, यातलं एकही मला खोडता येत नाही. तेराव्याला तिच्या हातचं गोड घेतलं असतं तर दुसरं खोडलं असं झालं असतं, म्हणून तोंड फिरवलं.

तारा आहेत तोवर निभतंय. पुढच्या आठवड्यात काढणार आहेत. सगळ्यांना त्याचा आनंद आहे, मला धडकी भरली आहे. काय करू, तूच सांग.

तुझा,
श्याम


सांगली, ६ फेब्रुवारी

चि. श्याम यास अ. आ.

पत्र वाचून दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. ते वाक्य बोलू नकोस. मुलीला बोललेला शब्द परत घेता येत नाही, जन्मभर ती तो उशाशी घेऊन झोपेल. म्हण की नशीब होतं. खोटं वाटलं तरी म्हण. फारच जड झालं तर मला लिही, मी वाचून फाडून टाकीन. माझ्या देखत हे घर मोडू देऊ नकोस, एवढं मागते.

प्रभाताई


।। श्री ।।

मयूर विहार, १५ फेब्रुवारी

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

गुरुवारी तारा काढल्या. बाबांचं तोंड जेमतेम एक बोट जाईल एवढं उघडतं. डॉक्टर म्हणाले, व्यायामाने हळूहळू सैल होईल, अजून बरेच दिवस मऊच खायचं. घरी आल्यावर मी मिक्सर काढला, तर बाबांनी तो बंद करायला खूण केली आणि टेबलाशी बसायला सांगितलं.

आवाज त्यांचा वाटत नव्हता. म्हणाले, ताईने नशीब होतं असं म्हणायला सांगितलंय, पण मला ते म्हणता येत नाही. आई थांब म्हणत होती. तू थांबली नाहीस. तुझ्यामुळे ती गेली.

मी म्हटलं, हो.

आत्या, तुला वाचून वाईट वाटेल. तू त्यांना हे न बोलायला सांगितलं होतंस ते माझ्यासाठीच, हे मला समजतं. पण मला सुटल्यासारखं झालं. इतके दिवस जो तो चूक नाही, चूक नाही म्हणत होता आणि खरं काय ते मी एकटी धरून बसले होते. आता ते धरायला आम्ही दोघं आहोत. मी रडले. बाबाही रडले, पण जबडा उघडत नसल्याने त्यांना धड रडताही येईना, नुसते खांदे हलत होते. मग त्यांनी मला आईच्या हाताचं सांगितलं. ट्रक दिसल्यावर तिने माझ्या अंगावर हात आडवा धरला होता, हे मला आठवतच नव्हतं.

तुला एक सांगायचं राहिलंय. तेराव्याला तू मला भरवलेला घास मी गिळला नव्हता, रुमालात काढून ठेवला. बाबांनी घेतला नाही तर मी कशी घेऊ? तू केलेलं उरलेलं पुरण बर्फाच्या ट्रेमध्ये घालून फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीमागे लपवलं होतं. ते काढलं, दुधात ऊन केलं. गाळलं नाही. बाबांनी चमचा माझ्या हातातून घेतला आणि आधी मला भरवलं. मग तो मला परत दिला आणि उघडेल तेवढा आ केला.

त्यांना गिळायला फार वेळ लागला. वेलदोड्याचं साल दातात अडकलं, ते त्यांनी स्वतःच जिभेने काढलं. मग म्हणाले, गूळ जरा जास्त झालाय, देविकाने एवढा घातला नसता. हे तुझ्या पुरणाबद्दल आहे, माझ्यावर रागावू नकोस.

बंगळुरूला अजून काही कळवलेलं नाही. बाबांशी बोलून ठरवीन.

आता तुम्हा दोघांचीच असलेली,
रेवती

ता. क. श्री बाबांनी लिहिलंय. अक्षर हललंय, पण वाचता येतं.