सोफ्यामागची मधली खुर्ची

११ जानेवारी, रविवार
इथे दुसरं कोणी वाचणार नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. डोणगावात नाटक पाहणारे पुष्कळ आहेत. नाटकाला बसायचं कुठे, हे कळणारा मी एकटाच. मेहकर, बुलढाणा, अकोला, जिथे जिथे नाटक पाहिलं तिथली सीट मला पाठ आहे. अकोल्यातल्या एका हॉलमध्ये गादी मऊ, पाय पसरायला जागा, पण समोर खांब. दहापैकी सहा. नाटक बहुतेक कौटुंबिक होतं. खांबाच्या डावीकडे सासू उभी राहायची.

मोठी बातमी: एकतीस तारखेला शाळेच्या पटांगणावर गावच्या मंडळाचं नाटक आहे आणि त्यात आमची प्रेरणा. सातवीत आहे, पण काम मोठं मिळालंय. शेवटी स्टेजवर एकटी उभी राहून बापाला उद्देशून लांब भाषण करते. ती म्हणाली, "पप्पा, तुमी मले समोर दिसले पाह्यजे. नाई दिसले तं मी बोलनंच विसरून जाईन." तिला सांगितलं, बेटा, सीटचा विषय माझ्यावर सोड.

१२ जानेवारी
मंडळाच्या मीटिंगमध्ये बैठक व्यवस्था माझ्याकडे आली. रुपालीचं म्हणणं, आली नाही, मीच ओढून घेतली. बायकोला आपलं बाहेरचं वजन कधी कळत नाही.

१५ जानेवारी
दुकान बंद ठेवून मंडपवाल्या मोतीरामकडे गेलो. खुर्च्या तपासल्या. लाल, हातवाली: पाठीला बरी, पण माणूस मागे झुकतो आणि स्टेजऐवजी आभाळ दिसतं. निळी, बिनहाताची: शिक्षा. पांढरी: बसल्याबरोबर चारही पाय चार दिशांना. मोतीराम पोट धरून हसला. म्हणाला, "भाऊ, लगनात हजार मानसं बसतेत, कोनी अशी चौकशी नाई केली. तुमी खुर्ची पाहून राह्यले का सोयरीक?" त्याला कलेची जाण नाही.
कंबर दुखतेय. पांढरीचा परिणाम.

१८ जानेवारी, रविवार
दिवसभर पटांगणावर. पहिल्या लाइनीत पाहुण्यांचे सोफे, तो रिवाज मोडता येत नाही. त्यांच्या बरोबर मागची मधली खुर्ची सर्वोत्तम. सोफ्यावर बसणाऱ्यांच्या डोक्यांचाही विचार केला. सरपंच बुटके. मुख्याध्यापकांना टक्कल, म्हणजे वर काही फुगवटा नाही. व्ह्यू क्लिअर. प्रेरणाला स्टेजवर उभं केलं आणि विचारलं, दिसलो का? "हाव पप्पा, पुरे दिसून राह्यले." त्या जागेवर चुन्याने फुली मारली.

आईसाठीही शेजारची हातवाली खुर्ची राखली होती. आई म्हणाली, "मले खुर्ची नोको. मी सतरंजीवर बसीन, स्टेजच्या खाली, पोरायसंग." तिला समजावलं की तिथून नटांच्या फक्त हनुवट्या दिसतात. "मंग हनुवट्या पाहीन," म्हणाली. आमच्या मातोश्री मंजुळाबाईंशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही.

२५ जानेवारी
प्रेरणा तीनदा म्हणाली, पप्पा, भाषण ऐका ना. आज ऐकणारच होतो, पण लाइनींमधलं अंतर बदलायचं निघालं. शिवाय आधी ऐकलं तर त्या दिवशीची मजा जाईल. उद्या नक्की.

२९ जानेवारी
उद्या नक्की.

३१ जानेवारी, सकाळ
सगळं नियंत्रणात. फुलीवर लाल खुर्ची ठेवली, पाठीमागे उशी बांधली, वर माझा रुमाल. भाषण ऐकायचं राहिलं. पण आज पाहणारच आहे, तेही गावातल्या सर्वांत चांगल्या जागेवरून.

१ फेब्रुवारी, सकाळ
व्यवस्था उत्तम झाली. हे आधी लिहून ठेवतो.

नाटकाआधी सत्कार. सोफ्यावरच्या सगळ्यांना फेटे बांधले. फेट्यांचा विचार मी केलाच नव्हता. सरपंच एकदम हातभर वाढले. मुख्याध्यापकांच्या टकलावर मोराच्या पिसाऱ्यासारखा तुरा. तेवढ्यात माइकवरून माझंही नाव आलं, "बैठक व्यवस्थेचे शिल्पकार हरिओमभाऊ!" मलाही गुलाबी फेटा. नाही कसं म्हणणार? आपल्याकडे मानाचा फेटा नाकारत नाहीत. आणि शिल्पकार म्हणाले होते.

परत फुलीवर बसलो. समोर फेटेच फेटे, त्यांच्या वर पडद्याची झालर. पहिला अंक झालर पाहत काढला. शेवटी प्रेरणा एकटी स्टेजवर आली तेव्हा मी जरा उठलो. मागून आवाज आला, "ओ फेटा! खाली बस ना बे!" दुसरा म्हणाला, "त्याच्या तुऱ्यातूनच नाटक पाहावं का आमी?" सगळे हसले. फेटा काढता आला असता. पण गावाने बांधलेला मान गावासमोरच कसा उतरवायचा? मी डोकं गुडघ्यांवर टेकवलं.

स्टेजवर एकदम शांत. प्रेरणा बोलेना. मला दिसत होत्या फक्त माझ्या चपला. मग स्टेजखालून आईचा आवाज आला, "बोल माय, मी हाओ इथं." आणि पोरगी बोलायला लागली. माझ्या मागचे लोक हसायचे थांबले. शेवटी अशा टाळ्या पडल्या की मी मान वर केली. तोवर पडदा पडला होता.

१ फेब्रुवारी, संध्याकाळ
प्रेरणाने विचारलं, "कसं झालं माह्यं काम?" म्हटलं, एक नंबर. "कोनतं आवडलं?" म्हटलं, आवाज. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "मले तुमचा फेटा दिसला, पप्पा. मंग तोबी नाई दिसला." रागाने नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. मी तिला फेट्यांच्या उंचीचं सविस्तर समजावून सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सोललेल्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.

२ फेब्रुवारी
दुपारी शेजारच्या जनकाबाई आल्या. त्यांना नाटकाला येता आलं नव्हतं. प्रेरणा म्हणाली, मी करून दाखवते. रुपालीने दुकानात फोन करून सांगितलं. ग्राहकाला तसाच सोडून पळत आलो आणि ओसरीच्या बरोबर मध्ये, प्रेरणाच्या समोर जाऊन उभा राहिलो. माझ्यामागे आई बाजेवर बसलेली. म्हणाली, "सरक ना रे हरिओम, मले दिसून नाई राह्यलं."

सरकलो. सरकत सरकत बाजूच्या दाराबाहेर आलो. प्रेरणा आजीकडे पाहून बोलत होती, एकदाही अडखळली नाही. मला तिची वेणी दिसली आणि डावा हात.

हाताचा अभिनय फार चांगला करते ती.