जिल्ह्याबाहेरचा बिशप

१ डिसेंबर, सोमवार

चौकीत जामिनाची सोमवारची सही करून आलो. आज हवालदार नवीन होता. "व्यवसाय काय लिहू?"

"बिशप."

"म्हणजे नक्की काय ओ, काका?"

"फादर असतात ना? त्यांच्यावरचा फादर."

त्याने जरा विचार केला आणि लिहिलं – सेवानिवृत्त. खोडायला सांगणार होतो. राहिलं.

डोक्यात सगळा गुंता झालाय, म्हणून एकदा सरळ लिहून टाकतो. मला आणि भीमराजला एकाच दिवशी उचललं. आमच्या वसतिगृहातल्या मुलांना आमिष दाखवून बाटवलं – हा आरोप. माझं वय, माझं हृदय, मुंबईचा वकील – मला जामीन मिळाला. भीमराज गावात धर्मशिक्षण देणारा साधा प्रबोधक. तो आतच. जामिनाची अट अशी, की खटला संपेपर्यंत मी गुन्हा नोंदवला त्या जिल्ह्यात पाऊल ठेवायचं नाही. म्हणजे माझ्याच धर्मप्रांतात नाही! मेंढपाळ इथे बोरीवलीत, बहिणीच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. मेंढरं तिकडे परराज्यात, डोंगरात.

फिलू म्हणते, "दादा, निदान जेवत जा."

४ डिसेंबर

इस्त्रीच्या टेबलावर भाकर-द्राक्षरस मांडून मिस्सा केली. पडदे ओढून. सोसायटीचे सेक्रेटरी काल येऊन गेले, बोलले गोडच – "तुम्ही राहा हो, राहायला कोण नाही म्हणतंय? फक्त माणसं जमवू नका. कुणी व्हिडिओ काढला तर आमच्याही डोक्याला ताप." मग फक्त फिलू. ती उत्तरं देते तीही कुजबुजत. 'आमेन' म्हणताना दाराकडे बघते.

फादर व्हायला शिकत होतो त्या सेमिनरीत जेवताना कुणीतरी उभं राहून मोठ्याने वाचायचं अशी पद्धत होती. एका हिवाळ्यात आयर्लंडमधल्या, कॅथलिकांच्या छळाच्या काळातल्या एका बिशपचं चरित्र लावलं होतं. डोक्यावर इनाम, अंगावर शेतकऱ्याचे कपडे, दलदलीत दगडावर मिस्सा, टेकडीवर राखण करणारी माणसं. आम्ही वरणभात ओरपत ऐकायचो. मला तेव्हा हेवा वाटायचा! वसईच्या वाडीतला पोरगा मी, वाटायचं, असं काहीतरी आपल्या वाट्याला यावं.

आलं. आणि त्यात दगड नाही, टेकडी नाही. इस्त्रीचं टेबल आहे. त्याचा एक पाय डुगडुगतो.

८ डिसेंबर

भीमराजचा जामीन फेटाळला.

११ डिसेंबर

चंपाचा फोन. भीमराजची बायको. ती तिच्या बोलीत बोलते, मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत, पण इतक्या वर्षांत आमचं कधी अडलं नाही. जेलात भेटून आली. "खोकला थांबत नाही, बिशपजी. कांबळं दिलं ते दुसऱ्याने घेतलं. पण गातो म्हणे आत. पोलिसपण ऐकतात."

गाणारच. भीमराज गळ्याने ख्रिस्ती झाला असं मी म्हणायचो. मी नवा फादर होतो. आदिवासींच्या करमा सणाला मांदरावर, त्यांच्या ढोलावर, त्याचं गाणं ऐकून त्याच्या अंगणात जाऊन बसलो. त्यानंतर दोन पावसाळे तो मला प्रश्न विचारत राहिला. मग एक दिवस म्हणाला, आता पाणी घाला. कसलं आमिष? माझ्याकडे तेव्हा सायकलसुद्धा नव्हती.

देवळाला सील आहे. वसतिगृह रिकामं. लोकांनी दारावरचे क्रूस काढले. चंपाने नाही काढला. "उंच लावलाय, हात पोचत नाही," म्हणाली आणि हसली.

१५ डिसेंबर

फादर शिवदासचा फोन. माझ्या मागे सगळं तोच सांभाळतोय. आवाज घोगरा झालाय त्याचा. आणखी एक गाव जुन्या धर्मात परत गेलं – सभा भरवली, कपाळाला टिळे लावले, झालं. उरलं फक्त भीमराजचं गाव.

"नाताळची मिस्सा कुठे करू?"

खिडकी लावून घेतली. मग म्हणालो, "करू नकोस."

बिशपने आपल्या फादरला सांगितलं – नाताळची मिस्सा करू नकोस. हे माझ्या हस्ताक्षरात इथे राहू दे.

१८ डिसेंबर

अनिरुद्ध पवईहून आला. माझा वकील. पैसे घेत नाही, देव मानत नाही, फिलूच्या हातचे बोंबील मात्र मानतो. आज जेवला नाही. तेव्हाच कळलं.

सरकारी बाजूकडून आडून निरोप आहे. मी शपथपत्र द्यायचं की बाप्तिस्मे भीमराजने परस्पर केले, मला माहीत नव्हतं. माझं नाव गुन्ह्यातून वगळतील. मला परत जाता येईल.

"पण बाप्तिस्मे मी दिलेत," म्हणालो. "आईबापांनी हात जोडून मागितलं तेव्हा. या हातांनी."

"ते आईबाप आता उलट सांगतायत, फादर."

"घाबरलेत बिचारे."

"मलाही ठाऊक आहे. कोर्टाला नाही ना."

जाताना दारात चपला घालता घालता म्हणाला, "मी तुम्हाला सांगत नाहीये काय करा ते. फक्त एवढंच – तो आत आहेच. तुम्ही बाहेर राहिलात तर निदान एक जण बाहेर."

१९ डिसेंबर

शिवदास म्हणतो, द्या. "तुमच्याशिवाय वर्षभरात इथे काही उरणार नाही." आणि मग, चाचरत – "भीमराजचाही निरोप आहे. चंपाकडे सांगितलाय. म्हणतो, बिशपजींना सांग माझं नाव घ्यायला. मी काय, आत आहेच."

फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. फिलूला ऐकू जाऊ नये म्हणून.

२५ डिसेंबर

गल्लीभर चांदण्या. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो, साधा शर्ट घालून. कुणी ओळखलं नाही. तरुण फादर आनंदावर बोलला, छान बोलला. मी सगळा वेळ एका सील केलेल्या दारासमोर उभा होतो.

दुपारी शेजारचे काशीराम आले, पूर्वी गिरणीत होते. दर सोमवारी माझ्याबरोबर चौकीपर्यंत चालत येतात. का येता, विचारलं तर म्हणाले, पाय मोकळे होतत. आज डब्यात घावणे घेऊन आले.

"काय ओ बिशपानू, सण तुमचो नि तोंड असां कित्याक केल्यात?"

"काही नाही ओ."

"काय नाय कसां? आमच्या गिरणीक टाळां लागलां तेवा माझ्या बापाचां तोंड असांच झालेलां." मग माझ्याजवळ बसले. घावणे दोघांनी खाल्ले.

३१ डिसेंबर

अनिरुद्धला नाही म्हणून कळवलं. धैर्य-बिर्य काही नाही. कागद पुढ्यात घेतला होता. 'भीमराजने परस्पर' एवढं लिहून झालं. पुढे हात चालेना.

शिवदासने ऐकून नुसतं "बरं" म्हटलं. मला त्याने ओरडायला हवं होतं.

प्रार्थना करतो, पण तिकडे कुणी नाही असं वाटतं. हे फिलूला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही.

६ जानेवारी

भीमराजला जेलातून इस्पितळात हलवलं. छातीत पाणी.

९ जानेवारी

भीमराज गेला. सकाळी.

चंपाला बाहेरच बसवलं होतं.

१० जानेवारी

लिहितो. लिहिल्याशिवाय बसवत नाही.

देह काल ताब्यात दिला. गाडी गावाच्या वेशीवर अडवली. गावच्या जमिनीत ख्रिस्ती माणूस पुरू देणार नाही. तालुक्याला नेला – तिथेही नाही. शिवदास म्हणत होता, माझ्याकडे आणा, इथे आपली दफनभूमी आहे. पण तो कुठे आणि हे कुठे, मधे सगळा घाट. रस्त्यात माणसं उभी आहेत असं ऐकून ड्रायव्हरने हात वर केले. देह गाडीतच. बरोबर चंपा आणि दोन पोरी.

मी अनिरुद्धला म्हणालो, मी जातो. "पहिल्याच नाक्यावर धरतील. त्याला माती मिळणार नाही ती नाहीच," म्हणाला.

मग चंपाचा फोन आला. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलो होतो. फिलू गॅस बंद करून भिंतीला टेकून उभी.

"बिशपजी, गावचा मुखिया म्हणतो, तू आणि पोरी परत या. पूजा करा, टिळा लावा, दारावरचं काढा. मग त्याच्या बापाशेजारी जागा देतो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही सांगाल तसं करते. नको म्हणालात तर नको. पण त्याला… ऊन चढतंय."

या फोनपर्यंत मी आयुष्यभर लोकांना काय सांगत आलो? टिका. सोसा. क्रूस खांद्यावर घ्या. किती सहज सांगायचो!

"हो म्हण, चंपा."

"काय?"

"हो म्हण त्यांना. जा. त्याला माती दे."

"आणि येशू?"

"येशूला मी सांगेन."

ती रडली नाही. "बरं," म्हणाली. फोन ठेवला. फिलूने गॅस पुन्हा पेटवला.

१२ जानेवारी, सोमवार

सही केली. काशीराम बरोबर होते. 

शिवदास ओरडला. आज ओरडला! "चंपा गेली म्हणून अख्खं गाव गेलं. विचारलं तर म्हणतात, बिशपजींनीच सांगितलंय. मी कुणाला आणि कशासाठी टिकायला सांगू आता?"  शेवटचं गाव. सरकारने नाही रिकामं केलं, मी केलं – एका शब्दात.

वरिष्ठांचाही फोन. सभ्य, थंड. "आपण खरंच असं म्हणालात?" – हो. "मग आपण राजीनाम्याचा विचार करावा." – करतो.

१७ जानेवारी

काही नाही. मिस्सा केली नाही. फिलूने टेबल मांडून ठेवलं होतं. दुपारी तिनेच काढलं आणि त्यावर पिलोकव्हरांना इस्त्री केली.

२३ जानेवारी

चंपाने माझ्याविरुद्ध जबाब दिला.

अनिरुद्ध सांगत होता आणि मी त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत होतो. गावात परत घेण्याची ती पुढची अट होती म्हणे. बिशपने आम्हाला धमकावून बाटवलं. नवरा मेल्यावरही फोन केला आणि परत गेलीस तर बघ, असं म्हणाला. त्यावरून सरकारी वकिलाने अर्ज टाकलाय – आरोपी साक्षीदारांना धमकावतो, जामीन रद्द करा.

अनिरुद्ध मात्र चेकाळलेला. "फादर, हे उडवता येईल! तुम्ही नेमकं उलट बोललात. ताई इथेच उभ्या होत्या, त्या सांगतील. चंपाला उलटतपासणीला घेतो, दहा मिनिटांत खरं बाहेर."

"मग तिचं काय?"

"म्हणजे?"

"खोटं बोलली असं ठरेल. गाव तिला ठेवेल? पोरींना?"

त्याने पेनाला टोपण लावलं.

"भीमराजला तरी जमिनीत राहू देतील?"

"फादर, तुम्ही तुरुंगात मराल."

"तिला काही विचारायचं नाही, अनिरुद्ध. फिलूलाही नाही."

"मग मी कोर्टात उभा राहून करू काय?"

"काही नाही. उभा राहा फक्त."

तो खाली मान घालून बसला. फिलू आतून आली, त्याच्यापुढे ताट ठेवलं. "जेव रे बाबा," म्हणाली.  तो जेवला. भाताचं शीत न् शीत.

चंपाचा राग येतो का, म्हणून मनाशी चाचपून पाहिलं. नाही येत. पोरींना शाळेत परत घेतलं असेल एवढंच मनात येत राहिलं.

२९ जानेवारी

जामीन रद्द. परवा हजर व्हायचं – तिथल्या कोर्टात. तिथून तिथल्याच तुरुंगात.

अनिरुद्ध माफी मागत होता. फिलू बॅग भरताना रडतेय. मी तिला कसं सांगू? तिथल्या तुरुंगात, म्हणजे माझ्या जिल्ह्यात. आता कुणी मला बाहेर ठेवू शकत नाही.

मी घरी चाललोय!