सत्तेचाळीस ऑर्डरींचा मान

वडूज,
शुक्रवार, दि. १२ डिसेंबर

चि. इंद्रजित यास कृष्णातमामाचा आशीर्वाद.

(आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिला. मनात आले ते लिहिले असते तर पोस्टमनने पाकीट हातात धरले नसते.) तुझी प्रकृती उत्तम असणारच. गेले वीस दिवस मी तुझ्या नावाने जे बोलतो आहे, त्याने तुला साधी उचकीसुद्धा लागलेली दिसत नाही. माझे ब्लडप्रेशर मात्र एकशे सत्तरवर गेले आहे. एकतीस वर्षे एसटीत कंडक्टर होतो, सुट्ट्या पैशांवरून गचांडी धरणारे पाहिले, बोकडाचे अर्धे तिकीट मागणारे पाहिले, तेव्हा जे चढले नाही ते तुझ्या ऑनलाइन दुकानाने चढवले. फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सअॅपवर दोन निळ्या खुणा दाखवून गप्प बसतोस. म्हणून हे टपालाने पाठवतो आहे. पत्राला बंद करायचे बटण नसते.

मे महिन्यात तू एका दिवसासाठी वस्तीवर आलास. दादांच्या (तुझ्या थोरल्या मामांच्या) मागाशेजारी चाळीस घोंगड्यांची थप्पी पाहिलीस आणि म्हणालास की हातमागाच्या लोकरीसाठी जग वेडे झाले आहे. जग वेडे झाले होते की नाही माहीत नाही, आम्ही झालो. अर्धा खटाव तालुका ज्यांच्या घोंगडीवर झोपून मोठा झाला, त्या दादांकडे दोन वर्षांत गिऱ्हाईक फिरकले नव्हते, कारण मोटारसायकलवर फुलाफुलांचे ब्लँकेट विकणारे दारात येतात. तू फोटो काढलेस. घोंगडी खुर्चीवर तिरकी टाकलीस, वर एक पुस्तक आणि कॉफीचा मग ठेवलास. (ते पुस्तक कशाला होते, हे बनाबाईवहिनी अजून विचारतात.) वर 'रंग निवडा' म्हणून रकाना केलास. अरे, घोंगडीला रंग दोनच, काळा आणि पांढरा, आणि ते मेंढी निवडते. पहिल्याच आठवड्यात एकाने जांभळी आहे का विचारले, तेव्हा दादा खरोखर विचारात पडले होते.

मग उद्घाटन. दुकान मोबाईलमध्ये असले तरी नारळ फोडल्याशिवाय उघडायचे नाही हे दादांचे म्हणणे, आणि ते मला पटले होते. मांडव घातला, दहा वाजून बेचाळीस मिनिटांचा मुहूर्त काढला, दादांच्या नातीच्या, सोनमच्या, मोबाईलला हळदकुंकू वाहिले. (कुंकू त्याच्या भोकात गेले. तेव्हापासून फोनवरचा प्रत्येक माणूस सर्दी झाल्यासारखा बोलतो.) इथपर्यंत कोणाचे काही चुकले नव्हते. पण पत्रिकेच्या तळाशी तू एक ओळ घालायला लावलीस, 'कृपया आहेर आणू नयेत, त्याऐवजी एक ऑर्डर टाकावी, ही नम्र विनंती.' पुण्याला राहून तुला आपली माणसे कळेनाशी झाली की तू जन्मतःच असा आहेस, हे मी ताईला विचारणार आहे. आपल्याकडे आहेर नको म्हटले तर पाकीट उशीखाली ठेवून जातात. इथे तर तू आहेर कसा करायचा ते छापून दिलेस!

लोक आले, शिरा आणि आमटीभात जेवले आणि नवरानवरीला हळद लावायला उभे राहतात तशी सोनमपुढे रांग लावून उभे राहिले. ज्यांना मोबाईल जमत नव्हता त्यांचे तीच टाकत होती. माल हातात आल्यावर पैसे द्यायचे, त्यामुळे खिशात हात घालायचे कारण नव्हते. एका म्हातारीने तर 'माजं नाव ठळक लिव्ह गं' म्हणून बजावले. कोणी ऑर्डर टाकली, कोणी नुसतेच जेवून गेले, हे वहिनी तोंडपाठ करत होत्या, कारण उद्या त्यांच्या घरी कार्य निघाले की तसेच करावे लागते. संध्याकाळपर्यंत सत्तेचाळीस ऑर्डरी झाल्या. दादा फेटा न काढता ओट्यावर बसून राहिले होते. मला म्हणाले, "कृष्णा, सत्तेचाळीस घरं! मला वाटलं हुतं, मानसं घोंगडी इसारली." त्या रात्री ते जेवले नाहीत, इतके त्यांचे पोट भरले होते. चाळीस तयार होत्या, सात कमी पडत होत्या. एकीला तीन दिवस लागतात. एकवीस दिवस हा एकसष्ट वर्षांचा माणूस मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला, भाकरीसुद्धा तिथेच खाल्ली.

माल निघाला त्याची तर वेगळीच कथा. भाऊसोचे घर ओढ्यापलीकडे, मागावर बसले की त्याचे दार दिसते. दादा म्हणाले, हाताने देऊन येतो. सोनम म्हणाली, तसे चालत नाही, सिस्टीमला कळत नाही. मग भाऊसोची घोंगडी वडूजहून सातारा, साताऱ्याहून पुणे, पुण्याहून भिवंडी अशी गेली, तिथे चार दिवस राहिली आणि तशीच उलटी परत आली. दादा रोज सोनमला विचारत, भाऊसोची कुठवर आली? आपल्या लेकीला सासरी पाठवल्यावरसुद्धा त्यांनी एवढी चौकशी केली नव्हती. नवव्या दिवशी कुरियरवाला ओढा ओलांडून भाऊसोच्या दारात उभा राहिला. दादा इकडून हात वर करून बघत होते. आणि भाऊसोने काय करावे? पार्सल हातातसुद्धा घेतले नाही! मी ओरडून विचारले, तर ओढ्यापलीकडून ओरडून सांगतो, "आवं, मी मान राखला की! घोंगडी कशाला? धुळातात्याच्याच दोन हायत की घरात." (म्हणजे दादांच्याच हातच्या!)

भाऊसो हा पहिला. पुढच्या दहा दिवसांत सत्तेचाळीसपैकी सेहेचाळीस परत आल्या. (एक राहिली, कारण मास्तरांच्या बायकोने चुकून घेतली. त्यांच्या घरात त्यावरून अजून धुसफूस आहे.) कोणी सांगितले पत्ता चुकला, कोणी सांगितले मोबाईल पोराने दाबला. आटपाडीच्या पाव्हण्याला तोंडावर नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून त्याने कुरियरवाल्याला दारातच सांगितले की ज्यांच्या नावाने आहे ते वारले. आणि हा वारलेला माणूस मंगळवारी आमच्याकडे चहा पिऊन गेला, वर विचारतो, दुकान कसं चाललंय! एकाही माणसाला आपण काही वाईट केले असे वाटत नाही. उलट ते आमच्यावर नाराज आहेत, की एवढा मान ठेवला तरी दारात माणूस पाठवला. मला तर वाटते एसटीची जुनी शिट्टी काढावी आणि एकेकाच्या दारात जाऊन ती वाजवावी. सग्यासोयऱ्यांनी असे वागावे? लाज नाही, शरम नाही!

मला खरा राग कशाचा आला ते आता ऐक. पहिले पार्सल परत आले तेव्हा दादांनी ते उघडले, घोंगडी अंगणात पसरली आणि गुडघ्यावर बसून बोटाबोटाने तपासली. खोट सापडली नाही. तरी काठ उसवून पुन्हा शिवला. दुसरी आली, तीही तशीच तपासली. दहाव्या घोंगडीनंतर तपासणेच सोडून दिले. मी घसा फोडून सांगितले, दादा, त्यांनी पार्सल उघडलेसुद्धा नाही, तुमच्या हाताचा दोष नाही. तर म्हणाले, "न उघडता परत केली, म्हंजे बघायचीबी इच्छा न्हाई." यावर मी काय बोलायचे ते तू सांग, तू इंजिनिअर आहेस. मागाच्या खड्ड्यावर त्यांनी फळ्या टाकल्या आहेत. वहिनींचा चरखा भिंतीला उलटा लावून ठेवला आहे. साताऱ्याकडे हायवेला एकाने नवे हॉटेल काढले आहे, त्याला दारात शोभेला माग हवा आहे. दादांनी त्याला हो म्हटले. येत्या रविवारी तो टेम्पो घेऊन येतो आहे. चाळीस वर्षे ज्याच्यावर पोट भरले, त्याच्यापुढे उभे राहून आता लोक फोटो काढणार आणि मिसळ खायला आत जाणार.

एवढे कमी होते म्हणून काल मिरजेहून तडाखा बसला. दीपमाला नावाच्या कोणा बाईने आपणहून, पत्रिका नसताना, ऑर्डर टाकली होती. आपल्या दुकानाचे ते एकच खरे गिऱ्हाईक. परत आलेल्यातली एक घोंगडी तिला पोचली, तिने पैसे दिले, आणि काल पाचपैकी एक चांदणी देऊन खाली लिहिले की घोंगडी ताठ आहे, टोचते आणि मेंढीचा वास येतो. मेंढीचा वास येतो! मग काय गुलाबाचा यायला हवा होता? नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, ती ताठच असते, हे या बाईला कोणी सांगितले नाही का? मी सोनमला दम दिला आहे की हे दादांच्या कानावर गेले तर बघ. तेव्हा माझे दोन हुकूम ऐक. एक, त्या बाईचे लिखाण आजच्या आज पुसून टाक. दोन, दुकान कायमचे बंद कर आणि पुन्हा आमच्या वस्तीवर कसला फोटो काढायला येऊ नकोस. तुझ्या आईला नमस्कार. तुला काहीही नाही.

तुझा (अजून तरी) मामा,
कृष्णात

ता. क. शनिवार, सकाळ. पाकीट चिकटवायचे राहिले होते म्हणून लिहितो. ते पुसू नकोस. सोनमने माझा दम मानला नाही, रात्री सगळे वाचून दाखवले. दादांनी तीनदा वाचायला लावले. 'टोचते' आले की म्हणायचे, कुठं टोचती, इचार. शेवटी त्यांनीच मिरजेला फोन लावायला लावला. बाईची आई तिथल्या दवाखान्यात आहे आणि ती स्वतः खाली फरशीवर घोंगडी टाकून झोपते. दादांनी तिला सांगितले, "ताई, चार दिस उनात टाका, हातानं चोळा, खळ निघंल. तरी टोचली तर पाठवा, मी दुसरी इनून देतो." ती म्हणाली, ऊब चांगली आहे, पण नाही मऊ झाली तर खरंच परत पाठवीन हं. फोन ठेवल्यावर दादा वहिनींना म्हणाले, खळ जरा जास्तच झाली हुती. आणि पहाटे उठून खड्ड्यावरच्या फळ्या काढल्या. हॉटेलवाल्याला नको म्हणून कळवायचे काम माझ्याकडे आहे, ते मी आवडीने करणार आहे.

ता. क. दुसरा. दुकान बंद करू नकोस. तुझ्या ऑफिसात चार-पाच खडूस माणसे असतील, त्यांना ऑर्डर टाकायला सांग. आपल्यातले कोणी नको, मान राखणारे तर मुळीच नको. घोंगडी विकत घेतील, अंगावर घेतील आणि मग मोकळ्या मनाने नावे ठेवतील अशी माणसे बघ. घाई कर, दादांना पुढच्या तक्रारीची वाट पाहायची सवय लागते आहे.

ता. क. तिसरा. हे ताईला सांगू नकोस. उद्घाटनाला पहिली ऑर्डर माझी होती, सगळ्यांच्या देखत, छाती काढून टाकली होती. कुरियरवाला वडूजच्या घरी आला तेव्हा मी म्हणालो, सख्ख्या भावाची घोंगडी कोणी विकत घेते का, घेऊन जा परत. सोनमने परत आलेल्या पार्सलवरची माझ्या नावाची चिठ्ठी फाडून टाकली आणि दादांना कळू दिले नाही. आज पहाटे वस्तीवर गेलो, ती घोंगडी सोनमकडून मागून घेतली आणि पैसे तिच्या हातात ठेवले. घरी आणून अंथरली आणि तासभर पडलो. डाव्या काठाला टोचते. दादांना सांगायला आता निघालो आहे.