मोठ्या अक्षरांचं यंत्र

१० जून
यंत्र आलं. दोन वर्षं पाठपुरावा केला. (अर्ज एकच, पण विचार सतत.) खाली पुस्तक ठेवायचं, वर पडद्यावर अक्षर बैलाच्या डोळ्याएवढं. अख्ख्या तालुक्यात आमच्याच शाळेकडे.
हे सिंचना नावाच्या मुलीसाठी. आठवीतली. हुबळीच्या डॉक्टरांनी तिच्या आईला सांगितलंय की नजर हळूहळू जाणार, औषध नाही. दिसतंय तोवर पोरीला वाचू द्या.
संकल्प : सोमवारपासून रोज एक तास, मी आणि सिंचना.

१५ जून, सोमवार
विजेचा भरवसा नाही. स्टॅबिलायझर हवा. हेडमास्तर कट्टीमनी म्हणाले, "हुगार, बिघडलं तर कागदावर सही तुमची आहे." यंत्र कपाटात ठेवलं, किल्ली माझ्या खिशात. जबाबदार माणूस असंच वागतो.
सिंचना दाराशी आली होती. एकदाच लावून बघू का, म्हणाली. धीर धर म्हटलं. "बरं सर," म्हणाली. गुणी पोरगी.

२ जुलै
स्टॅबिलायझर आला. पण इतकी मोठी वस्तू गुपचूप वापरायला काढणं बरं दिसत नाही. पंधरा ऑगस्टला आमदारांच्या हस्ते उद्घाटन. दीड महिना म्हणजे काहीच नाही. तोवर आमचा शिपाई फकीरप्पा यंत्राला मखमलीची झूल शिवून आणतोय. रंग मी निवडला.

१५ ऑगस्ट
आमदारांना पाच ठिकाणी झेंडे होते. सहावे आम्ही. यंत्र मैदानात नेलं, परत आणलं. भाषण खिशातच राहिलं. भाषण चांगलं होतं.

८ सप्टेंबर
सिंचनाची आई गौरव्वा आली. खानावळीत भाकऱ्या थापते, कोपरापर्यंत पीठ. म्हणाली, "सर, पोरगी म्हणते अक्षरं पळतात. तुमचं उद्घाटन सावकाश होऊ दे. तोवर ती दार लावून वाचेल, कुणाला सांगणार नाही."
मी पद्धत समजावून सांगितली. सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "मग डॉक्टरांना सांगू का, जरा थांबा म्हणून?"
अडाणी बाई. पण लागलं मनाला. संकल्प : उद्याच.

९ सप्टेंबर
तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन. जमलं नाही.

६ ऑक्टोबर
सिंचना फार सुधारली आहे, नोंद करून ठेवतो. पूर्वी नाक पुस्तकाला टेकायचं. आता ताठ बसते, पुस्तक मिटलेलं, मान माझ्या आवाजाकडे. वर्गात इतकं लक्ष दुसरं कुणी देत नाही. अक्षरही मोठं, मोकळं झालंय. आत्मविश्वास वाढल्याची खूण. शेजारची दीपा तिला धडे वाचून दाखवते. मुलींमध्ये सहकार्याची भावना रुजवल्याबद्दल कुणी माझं नाव घेणार नाही, म्हणून इथे लिहिलं.

१ नोव्हेंबर, कर्नाटक राज्योत्सव
आज उद्घाटन नक्की होतं. पोटनिवडणुकीची आचारसंहिता लागली. आमदार येऊ शकत नाहीत. माझा काय दोष?

१७ नोव्हेंबर
सिंचना व्हरांड्याच्या पायरीवरून पडली. हनुवटीला दोन टाके. मी म्हटलं, मुलं धावतात, पडतात. कट्टीमनी म्हणाले, "ती धावत नव्हती हो. आणि पायरी रोजचीच आहे."
शाळा सुटल्यावर कपाट उघडलं. झूल काढली. बटणं अकरा. माहितीपुस्तक इंग्रजीत. दोन बटणं दाबली, काही झालं नाही. मुलीसमोर असं झालं तर शोभा. बावीस वर्षं विज्ञान शिकवतोय. झूल परत घातली.
(हे कुणाला सांगण्यासारखं नाही.)

१९ डिसेंबर
हुबळीहून कंपनीचा माणूस आला, चार मिनिटांत दाखवून गेला. सोपं आहे. एक मोठं लाल बटण होतं, तेच मी दाबलं नव्हतं. आता येतं. आता उद्घाटनच होऊ दे, जानेवारीत. इतके दिवस थांबलोच आहोत.

१९ जानेवारी
झालं. मंडप, नारळ, फीत. आमदारांनी यंत्राखाली स्वतःचं बोट धरलं, पडद्यावर केळ्याएवढं दिसलं, सगळे हसले. माझं भाषण झालं.
मग सिंचनाला बोलावलं. दीपा हाताला धरून घेऊन आली. मी कन्नडचं पुस्तक ठेवलं, अक्षर वाढवत वाढवत नेलं. शेवटी पडद्यावर एकच 'अ' मावला. तिने नाक पडद्याला टेकवलं. बराच वेळ. मग फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "सर, चालू झालंय का? पांढरं पांढरं दिसतंय. अक्षर कुठाय?"
चालू आहे, म्हटलं.
ती पडद्यापासून मागे झाली. मग लोकांकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "दिसतंय. छान दिसतंय."
टाळ्या पडल्या. असं म्हणायला तिला कुणी शिकवलं नव्हतं.

२० जानेवारी
रजा टाकली. कारण : डोकेदुखी.

२ फेब्रुवारी
गौरव्वा सिंचनाला हुबळीच्या अंध मुलींच्या वसतिगृहात ठेवायला निघाली. बसस्टँडवर गेलो. काय बोलायचं ते घरून ठरवून गेलो होतो. तिथे गेल्यावर विचारलं, जेवलीस का. हो म्हणाली. गौरव्वा पिशव्या मोजत राहिली.
सिंचनाने विचारलं, "सर, त्या दिवशी मी बरोबर बोलले ना? आमदारसाहेब तुमच्यावर रागावले नाहीत ना?"
नाही, म्हटलं.
"बरं झालं," म्हणाली.
बस सुटली. तिने खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, मी उभा नव्हतो त्या बाजूला. मी घाईघाईने बसमागून तिकडे जाऊन उभा राहिलो. तिला काही ते दिसलं नाही.