चाळीस खड्डे, एकही रिकामा नाही

तीर्थरूप भावोजींना,

धाकट्या मेहुणीचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरला आहे, तेव्हा तूर्त अर्धाच गोड मानून घ्या, उरलेला सोमवारी समोरासमोर.) परदेशातल्या हवामान परिषदेहून आल्यापासून तुमचा घसा बसलाय, असं ताईनं फोनवर सांगितलं. बसणारच. यंदाही सगळ्या जगाला शब्द देऊन आलात! मिठाच्या गुळण्या करा. तो शब्द पाळण्याच्या नादात इथे मी कशी गोत्यात आले, त्याची ही हकीकत.

चार वर्षांपूर्वी तुम्ही तिकडे पहिल्यांदा लाखांनी झाडं कबूल केलीत, त्यातली वर्षाला चाळीस आमच्या रोपवाटिकेच्या वाट्याला आली. इथली माळीण मी एकटी. खड्डेही चाळीसच, योजनेच्या फलकासमोरचे. कारण बाकी सगळा खडक आहे, आणि फोटोत फलक यावा लागतो. दर वर्षी पाहुण्यांनी रोपं लावायची, उन्हाळ्यात ती वाळायची आणि पुढच्या वर्षी तेच खड्डे पुन्हा कामाला यायचे. अहवालात मात्र चार वर्षांची एकशे साठ झाडं सुखानं नांदताहेत. (कागदावरच्या झाडांना पाणी लागत नाही, हा त्यांचा मोठाच गुण.) सगळं सुरळीत चाललं होतं, माशी शिंकली ती माझ्यामुळे. गेलं वर्षभर मी लांबच्या विहिरीवरून बादल्या वाहून रोपांना पाणी घातलं (गुडघा तिथेच कामी आला), आणि मेली सगळीच्या सगळी जगली!

आता सोमवारी तुम्ही परदेशी पाहुण्यांना घेऊन झाडं लावायला येणार, आणि खड्डा एकही मोकळा नाही. आमच्या साहेबांच्या (त्यांना आम्ही आकडेशास्त्री म्हणतो) तोंडचं पाणी पळालं. शनिवारपर्यंत खड्डे रिकामे करा, असं त्यांनी फर्मान काढलं. झाडांचं काय करू, विचारलं तर म्हणाले, "बाई, जीव झाडांना लावू नका, उद्दिष्टाला लावा." मी कुदळी-फावडी खोलीत टाकली, कुलूप ठोकलं आणि किल्ली कमरेला खोचली. तीन दिवसांत खुलासा द्या, नाहीतर घरी बसा, अशी नोटीस आली. बसेन! वर्षभर ज्यांना पाणी घातलं, त्यांच्या मुळावर मी कुदळ घालणार नाही. मला लळा लागलाय त्यांचा, आणि ते सांगायची लाजही वाटत नाही. शब्द दिलात तुम्ही, पाळला मी, आणि वर खुलासाही मीच द्यायचा? हा कुठला न्याय?

ताईला सांगा, मी मजेत आहे.

तुमची हट्टी मेहुणी

ता. क. खुलासा आजच दिला. 'झाडं प्रमुख पाहुण्यांच्या तोंडी आदेशावरून जगवली' असं लिहिलंय. तुम्ही असा आदेश दिला नव्हता, हे मला ठाऊक आहे. परदेशी पाहुण्यांसमोर तसं सांगायचं धाडस असेल तर खुशाल सांगा. नसेल, तर सोमवारी येताना रोपं आणू नका, विहिरीपर्यंत पुरेल असा पाइप आणा.

आणखी एक. गेल्या वर्षी तुम्ही तुमच्या हातचं रोप प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पुरलं होतंत. तुमची गाडी वळल्यावर मी ते उकरून पिशवी काढली. आता ते माझ्या खांद्याला लागतं. खड्डे रिकामे करायचेच असतील, तर पहिला तो करा. किल्ली माझ्याकडे आहे, मागून घ्या.