पूड नव्हे, चटणी

१२ जानेवारी
वही, रागावू नकोस. दिवाळीपासून तुला हात लावला नाही. विमानतळावर पहाटेची पाळी, घरी आलं की डोळे मिटतात. आज लिहिल्याशिवाय चैन नाही.
तपासणीला साठीच्या एक बाई. पहिलाच विमानप्रवास, लेकीच्या बाळंतपणाला हैदराबादला. हातातल्या पिशवीत चालत नाही म्हणून विचारलं, "मिरची पूड आहे का?" "न्हाय बाई." पडद्यावर घट्ट पुडकं दिसलं. उघडलं तर लालभडक.
"खोटं कशाला बोललात?" रांग बघत होती.
"पूड कुठाय? चटणी हाय की ती! जावयासाठी."
मला पळवाट वाटली. पुडकं शिपायाकरवी बाहेर, त्यांना सोडायला आलेल्या मुलाकडे पाठवलं. नोंदवहीत लिहिलं: 'विचारूनही खोटी माहिती दिली.' त्या डोळे पुसत विमानाकडे गेल्या.

१३ जाने.
आमटी उकळत होती. ह्यांनी चव घेतली. "अगं, चटणी घाल की जरा."
हात डब्याकडे गेला नि तिथंच थांबला. इकडच्या सगळ्यांसारखी जन्मभर मीही मिरची पुडीला चटणीच म्हणते. गणवेश चढवला की तिची पूड कशी होते?
बाई खरं बोलल्या होत्या.

१५ जाने.
साहेबांना म्हटलं, नोंद दुरुस्त करायचीय. ते विदर्भातले. "चटणी म्हणजे जवसाची ना?"
माझ्याच पाळीतली सुमन फिस्कन हसली. "सर, दोन वर्षं तांबडा रस्सा वरपताय, तो तांबडा कशानं होतोय?"
साहेब गंभीर झाले. नोंद बदलायची तर चूक कुणाची तेही लिहावं लागेल. माझ्या वार्षिक शेऱ्यात येईल.
मी तशीच कामावर परतले. का परतले?

१६ जाने.
लिहून दिलं. 'प्रश्न माझा चुकला. प्रवाशाने खरे सांगितले.' साहेबांनी दोनदा वाचलं, सही केली. वर पाठवलंय. मनाई असलेल्या वस्तूंच्या पाटीवर 'चटणी' शब्द घालायचंही विचारतो म्हणाले.
सुमन कशाला थांबते! दारातच सुरू: "पावणं, चटणी हाय का? मोठ्या बॅगेत टाका." चौघांनी हसत टाकली.

२० फेब्रु.
वरून उत्तर नाही.
बाईंचा मुलगा चौकशीला आला होता. नात झाली. आई उद्या परत येतेय. मी कोण ते सांगितलं.
"तुमीच व्हय त्या? आई अजून म्हणती, चारचौघांत मला खोटारडी केली."
चूक माझी होती, हे त्याला नव्हे, बाईंना सांगायचंय. तेही चारचौघांतच.
उद्या: सुट्टी असली तरी सकाळच्या विमानाला, उतरणाऱ्यांच्या दाराशी.